आईच्या हातातली माळ

चाळीस वर्षं बाबा रोझरीच्या, म्हणजे प्रार्थनेच्या माळा ओवत आले. दहा मणी, गाठ, मोठा मणी, गाठ. असं पाच वेळा झालं की दोन्ही टोकं एकत्र बांधायची आणि खाली क्रूस. वर्तुळ पुरं.

मेलेल्या माणसाच्या हातात मात्र पुरी माळ ठेवत नाहीत. दोरा एका जागी कापतात, नाहीतर घरातलं आणखी कुणीतरी ती माळ धरून मेलेल्याच्या मागोमाग जातं, असं म्हणतात. आईच्या हातातली माळ बाबांनी कापली, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतरचं कुणी पाहिलं नाही. पेटीचं झाकण लावण्याआधी मी आईच्या बोटांवरून हात फिरवला आणि दोरा कापला होता तिथेच गाठ लागली. बारीक, तीन वेढ्यांची, बाबांची.

"बाबा, हे काय?"

"असू दे. एकटी कशी जाईल ती? बाजारातून घरी येताना वाट चुकायची."

"आणि तुमच्याऐवजी दुसरंच कुणी गेलं तर? घरात तुम्ही एकटेच आहात का?"

बाबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. सहावा महिना.

ते पेटीत वाकले. गाठ नखांनी सुटेना. सुटेल अशी गाठ त्यांनी कधी मारलीच नव्हती. मग त्यांनी दोरा दातांत धरला आणि आईच्या हातांवर तोंड ठेवून बराच वेळ चावत राहिले.

"बघा ना," मागून शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अजून तिला सोडायला तयार नाहीत."