सवाष्णींचा मोर्चा

सुमित्रानं दारूच्या ठेक्याच्या पायरीवर सतरंजी अंथरली आणि सरळ मांडी घालून बसली. गुडगावातली दारूबंदी उठली काय, आणि तिच्या नव्याकोऱ्या सोसायटीच्या फाटकासमोरच दारूचं दुकान थाटलं. अर्ज झाले, मिनतवाऱ्या झाल्या, ठेकेदार ढिम्म. मग ती म्हणाली, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तिथंच.

कल्पना तिचीच. दिल्लीच्या कॉलेजात ती अमेरिकेचा इतिहास शिकवायची. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बायका गुत्त्याच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना म्हणायच्या आणि काही गुत्तेवाले शरमून दारूची पिंपं गटारात ओतायचे. त्यांची प्रार्थना, तर आपलं हळदीकुंकू. दिल्लीत आर. के. पुरमला राहत असल्यापासूनच्या मैत्रिणी नटूनथटून आल्या. गिऱ्हाइकं लांबूनच काढता पाय घेऊ लागली. शेजारच्या वहिनींच्या देखत बाटली मागायची कुणाची छाती आहे?

ठेकेदार मात्र मुरलेला गडी. गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "सब सुहागन हैं?"

"सब," मैत्रिणींपैकी नीला तोऱ्यात म्हणाली. "यह सुहागनों का ही त्योहार है."

"फिर मेरी दारू ने किसका घर उजाड़ा, मैडमजी? एक तो दिखाओ."

सुमित्राची नजर समोरच्या बाल्कनीवर गेली. तिथं हेमलता उभी होती. तिचा नवरा अविनाश दारूपायीच गेला होता, आणि तिला बोलवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या काही गोऱ्या बायकांनी आपल्या मंडळात काळ्या बायकांना येऊ दिलं नाही, हे सुमित्रा वर्गात दरवर्षी तावातावानं सांगायची. आपण तरी काय वेगळं केलं? तिला स्वतःचीच चीड आली. ती तडक उठली आणि रस्ता ओलांडून हेमलताच्या दारात गेली.

"हेमलता, चल बाई. त्याला तुझं घर दाखवायचंय."

"साक्ष द्यायला नाही यायची मी," हेमलता शांतपणे म्हणाली. "कुंकू लावणार असशील तर येते. आणि सगळ्यांच्या आधी मला."

पायरीवर येऊन सुमित्रानं करंडा उघडला. नीला कुजबुजली, "अगं, असं कुठं करतात का?"

"नसतील करत. तुला जायचं तर जा," सुमित्रा म्हणाली आणि तिनं हेमलताच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं. नीलानं रागानं आपलं ताट उचललं. घटकाभर तशीच उभी राहिली. मग सरकून तिनं हेमलताला जागा करून दिली.

हेमलता ठेकेदाराकडे वळली. "देख लो, भैया. यह एक घर."

तो हसायला गेला, पण त्याचं हसू अर्ध्यातच विरलं. सोसायटीच्या फाटकातून आणखी चौघी येत होत्या, मोकळ्या कपाळांच्या. त्यांना आजवर कुणीच हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.