टेकायला जागा

"म्हणजे ही मुद्दाम तोंड पाडून बसत नव्हती?" श्रीरंगने डॉक्टरांना विचारलं.

"नाही हो. स्नायूच्या पेशीला पातळ आवरण असतं, त्यात ग्राहक, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागा, असतात. मज्जातंतूकडून निरोप घेऊन आलेले रेणू त्यांना चिकटले की स्नायू हलतो. यांच्या शरीरानेच ते ग्राहक अडवलेत. निरोप येतो, पण त्याला टेकायला जागा मिळत नाही."

शेजारी त्याची बायको, यामिनी, बसली होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ सैल. मुलीच्या लग्नातही तिचा चेहरा असाच होता. तेव्हा पाहुण्यांसमोर श्रीरंग तिच्यावर ओरडला होता. मुलीने तर त्या दिवसापासून आईशी बोलणंच टाकलं होतं.

डॉक्टरांनी तपासणीसाठी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पापण्या वर गेल्या, गालही हलू लागले.

श्रीरंगला भरून आलं. त्याने घाईघाईने मुलीला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, आईला आजार होता गं! यामिनी, हस ना आता."

मुलगी रडायलाच लागली. "आई, माझं चुकलं."

यामिनीने तिच्याकडे टक्क उघड्या डोळ्यांनी पाहिलं. चेहरा आता तिचं ऐकत होता. पण तिला हसावंसं वाटेना, आणि रडावंसंही वाटेना.