चौथा भाग

भाईंदरच्या त्या सोसायटीत काय बघायचं ते सगळे रसिकालाच विचारत. खऱ्या खुनांवरच्या डॉक्युमेंटरी सुचवाव्यात तर तिनेच. नियम मात्र पक्का: शेवट कुणी सांगायचा नाही.

या वेळी तिने तीन भागांची एक सुचवली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बर्नडेट आंटी म्हणाल्या, "चौथा भाग बघून काटाच आला गं अंगावर."

"आंटी, भाग तीनच आहेत."

आंटींनी घाईने दार लावून घेतलं.

लिफ्टमध्ये बबनकाकांनीही चौथ्याचाच विषय काढला. रसिकाने मोबाइल पुढे धरला. भाग तीनच होते.

"अगदी अस्संच," काका म्हणाले. "त्यातली ती बाईपण लिफ्टमध्ये मोबाइल दाखवते. तीनच आहेत म्हणते."

"मग? पुढे काय होतं तिचं?"

काका उतरले आणि बाहेरून जाळी ओढून घेत म्हणाले, "शेवट सांगायचा नाही. तुझाच नियम ना?"