पिवळं हेल्मेट

“चकती माझ्या काठीला लागून आत गेली! माझ्या!” फ्लुरिनने हातमोजा भिंतीवर भिरकावला. कपडे बदलायच्या खोलीत कुणी मान वर केली नाही.

“लाउडस्पीकरवर बेडाचं नाव आलं. म्हणजे गोल बेडाचा,” सामान सांभाळणारा म्हातारा हाइरी म्हणाला. त्याने पिवळं हेल्मेट बेडाच्या खुंटीला अडकवलं.

गोल आणि गोलला लावलेला हातभार मिळून संघात ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याच्या डोक्यावर पिवळं. बाकी सगळ्यांची निळी. आइस हॉकीच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये ना पैसा, ना नाव. निदान एवढा मान तरी होता. वालमूर गावच्या संघात तो वर्षानुवर्षं फ्लुरिनचा. सकाळी सुतारकाम, संध्याकाळी बर्फावर, आणि पिवळं डोकं दिसलं की सगळं गाव गाईंच्या घंटा बडवायचं. हा त्याचा शेवटचा हंगाम. गुडघा आणखी एक दणका सोसणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. जाताना हेल्मेट डोक्यावर असावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि नेमका याच हंगामात बेडा त्सिंग आला. वरच्या लीगमधल्या बड्या क्लबने शिकायला धाडलेला, वसंतात परत जाणारा. आयत्या बिळावर नागोबा! शरद ऋतूभर हेल्मेट दोघांच्या खुंट्यांवर ये-जा करत राहिलं. नाताळानंतर ते बेडाच्या खुंटीवरून हलेना. त्यातून पोरगा गोड बोलायचा, याचा फ्लुरिनला जास्त राग.

“कॅप्टन,” बेडा हळूच म्हणाला, “मलाही वाटतं की तुझ्या काठीला...”

“वाटतं ना? मग पंचांसमोर मूग गिळून का बसलास?”

फ्लुरिन दार आपटून निघून गेला.

रविवारी दुपारी तो उर्सिनला भेटला. दोघं एके काळी वालमूरकडून खांद्याला खांदा लावून खेळलेले. आता उर्सिन ग्राबेनविलकडे होता, आणि त्याच्या धडकेने कितीतरी जण कायमचे घरी बसले होते. पुढ्यात बार्लीचं सूप वाफाळत होतं.

“शनिवारी साखळीतला शेवटचा सामना तुमच्याशीच,” फ्लुरिन म्हणाला.

“हो. हरलो की आमचा हंगाम आटोपला.”

“आमचं पिवळं डोकं हल्ली हवेत तरंगतंय.”

उर्सिनने चमचा खाली ठेवला. “तुमचंच पोरगं ना ते?”

“उपरं आहे. वसंतात त्याला वर जायचंय. लंगडत गेलं तरी चालेल.”

“गुडघा?”

“आता तुला मी शिकवू?”

उर्सिन हसला नाही. त्याने पट्टी बांधलेला हात दाखवला. “मी काही खेळत नाही शनिवारी. पण आमच्याकडे एक नवा धटिंगण आलाय, फिनलंडचा. तुला ओळखत नाही, मला धड ओळखत नाही. आपल्या भाषेचा गंध नाही.”

“मग त्याला सांगणार कसं?”

“रंग कळतात त्याला.”

घरी जाताना फ्लुरिनला लाज वाटली नाही. वाटायला हवी होती हे कळत होतं, पण रागाला लाज कुठली?

शनिवारी गावात घरात कुणी उरलं नव्हतं. सराव आटोपून संघ बोगद्यात रांगेत उभा राहिला. फ्लुरिन सर्वांत पुढे, कॅप्टन म्हणून. एवढ्यात हाइरी धापा टाकत आला. त्याच्या हातात पिवळं हेल्मेट होतं.

“थांब. हे घाल.”

“मी?”

“लीगचा निरोप आलाय आत्ताच. तो गोल तुझा धरला त्यांनी. गुण सारखे झाले, गोल तुझे जास्त.” हाइरीने मागे बोट दाखवलं. “या पोराने आठवडाभर त्यांचं डोकं खाल्लं. कुणा प्रेक्षकाच्या फोनमधलं चित्रण शोधून पाठवलं.”

बेडाच्या डोक्यावर आता निळं हेल्मेट होतं. तो लाजून हसला. “मूग नाही गिळले, कॅप्टन.”

फ्लुरिनने हेल्मेट बेडाकडे ढकललं. “आजच्या दिवस तूच घाल.”

“असं कसं? मान तुझा आहे.”

“घाल म्हणतो ना!”

“नाटकं पुरे,” हाइरी म्हणाला. त्याने स्वतःच्या हाताने पट्टा फ्लुरिनच्या हनुवटीखाली घट्ट आवळला. दार उघडलं.

लाउडस्पीकरवर फ्लुरिनचं नाव घुमलं आणि साऱ्या गावाने घंटा बडवायला सुरुवात केली. एवढ्या त्याच्यासाठी कधीच वाजल्या नव्हत्या. वर प्रेक्षकांत ओव्हरकोट घातलेला उर्सिन ताडकन उभा राहिला. पट्टीचा हात हलवत तो बर्फाच्या दिशेने जिवाच्या आकांताने ओरडत होता. घंटांपुढे त्याचं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

मधल्या वर्तुळापलीकडे एक अनोळखी धिप्पाड माणूस काठी टेकून उभा होता. त्याने फ्लुरिनचा नंबर पाहिला नाही, चेहराही पाहिला नाही. तो त्याच्या डोक्याकडे बघत होता.