वृंदाची आठी

दामोदरपंतांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं आणि सोयऱ्यांना हसून म्हणाले, "चालेल की! आमची काही हरकत नाही."

चालेल? वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होता नव्हता तेवढा जोर लावून तिने कपाळाला आठी घालून पाहिली. आठी कसली पडतेय! कपाळ आपलं ढिम्म.

पेणच्या घरात ओटीवर लेकीच्या, तनयाच्या लग्नाची बोलणी चालली होती. बोलायचं पुरुषांनी, दोन्हीकडच्या बायका मागे भिंतीला टेकून. पण शब्द देण्याआधी पंत एकदा मागे बघत. वृंदाच्या भुवयांमध्ये आठी दिसली की खाकरत आणि म्हणत, "विचार करून सांगतो." नाव पंतांचं, कारभार आठीचा. संसार असाच सुखात चालला होता.

आणि नेमकी तीच आठी ती घालवून बसली होती. लग्नात व्हिडिओवाला कॅमेरा तोंडाशी आणणार, म्हणून गेल्या आठवड्यात मुंबईला जाऊन बहिणीच्या मुलीकडून, भूमिकाकडून, कपाळात इंजेक्शनं घेतली. भूमिका कातडीची डॉक्टर. "मावशी, आता तीन-चार महिने कितीही चीड, आठी पडायची नाही," ती म्हणाली होती. तेव्हा किती गोड वाटलं होतं ते! असलं इंजेक्शन पेणमध्ये कुणी ऐकलंही नव्हतं, पंतांना तर तिने सांगितलंच नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

लग्न रोह्याला, ठरलं. मुहूर्त भर मे महिन्यातला, तोही ठरला. पंत मागे बघत, बायको प्रसन्न दिसे, पंत "चालेल" म्हणत. वृंदाने डोळे वटारून पाहिले. चहा घेऊन आलेली कामवाली विमलबाई वाकून कुजबुजली, "डोल्यात काय गेलं काय गो, ताई?"

मग नवऱ्या मुलाचे, पुष्करचे वडील, रोह्याचे टिपणीस, सुपारी कातरत म्हणाले, "एक राहिलंच. तनयाने नोकरी सोडायची. आमच्या घरची सून कंपनीत शिफ्ट करत नाही."

तनया धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती. पेणहून रोज एसटीने जायची, वडखळला गाड्या तुंबल्या तरी शिफ्ट चुकवायची नाही. आता सासर रोह्यात, कंपनी हाकेच्या अंतरावर, आणि आता म्हणे सोडा! आतल्या खोलीतली तिच्या बांगड्यांची किणकिण थांबली.

पंतांनी मागे पाहिलं. वृंदाने दात आवळले, मुठी आवळल्या, श्वास कोंडला. कपाळावर एक रेघ उमटेल तर शपथ.

"चालेल..."

"नाही चालणार!"

वृंदा उठून उभी राहिली होती. बैठकीत तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता, तिने स्वतःसुद्धा नाही. "तनया नोकरी सोडणार नाही. पटत असेल तर पुढे बोलू. नसेल पटत, तर चहा घ्या, आणि आपण आपापल्या वाटेला मोकळे."

"अगं, मग आधी कळवायचंस ना!" पंत भांबावले. "तुझ्या चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं!"

"कपाळ माझं!" वृंदा कडाडली. कडाडतानाही चेहरा कसा शांत, देवीसारखा.

टिपणीस काही बोलणार, तेवढ्यात वृंदाच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने घसा साफ केला. सकाळपासून बाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कपाळावर एकाखाली एक आठ्या, खाजणातल्या वाळलेल्या चिखलाला भेगा पडाव्यात तशा. त्यांनी वृंदाच्या गुळगुळीत कपाळाकडे पाहिलं.

"बरं केलंत, तोंडाने बोललात," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा माझी शाळेतली नोकरी अशीच सोडवली. तेव्हापासून मी आठ्याच घालतेय. पण तुमचे हे निदान मागे वळून बघतात तरी."

अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. टिपणीसांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.