सात नव्वे

बेचाळीस साली पलूसच्या शाळेची सहल राजधानी बघायला साताऱ्याला आली. राजांची थोरवी सांगून सांगून गुरुजींचा घसा पार बसला. किल्ल्याकडं निघताना साळू मात्र तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबली.

"गुरुजी, हितं पाढं म्हनू?"

पाढ्यांत ती शाळेत पहिली. गुरुजींनी मान डोलावली. तिनं खड्या आवाजात साताचा पाढा धरला आणि शेवटाकडं येऊन म्हणाली, "सात नव्वे चौसष्ट!"

गुरुजी चपापले. तिनं पुन्हा तेच म्हटलं, आणखी मोठ्यानं.

भिंतीपलीकडून आवाज कडाडला, "त्रेसष्ट! मी घरात न्हाई म्हणून पाढं इसारलीस व्हय गं, साळे?"

साळूनं परकर झटकला.

"आबा बरं हायती. चला गुरुजी, किल्ला बघू."