डोळे वाचणारा

"चष्मा काढ," घड्याळजी म्हणाला. "या टेबलावर काळा चष्मा चालत नाही."

"पानं हातात येऊ देत, काढते," ती म्हणाली.

मास्तर आणि बेकरीवाला गालातल्या गालात हसले. रविवारची दुपार होती, शटर अर्धं ओढलेलं होतं, आणि ज्या दिव्याखाली आठवडाभर घड्याळांची पोटं उघडली जात तो दिवा पत्त्यांवर खाली ओढला होता. एका डावाला आलेली ही बाई किती वेळ टिकते, एवढंच त्या दोघांना बघायचं होतं.

टेबलावर डावाला लावलेल्या दोन किल्ल्या होत्या. एक सायकलच्या दुकानाची. ते दुकान तिच्या बापाने उभं केलं होतं आणि तिच्या दादाने याच टेबलावर घालवलं होतं. आता दादा तिथेच पगारी नोकर होता. दिवसभर लोकांच्या चाकांत हवा भरायचा आणि संध्याकाळी मान खाली घालून किल्ली घड्याळजीच्या हातात आणून द्यायचा. दुसरी किल्ली तिच्या खोलीची. तिसरी, शेजारच्या दादाच्या खोलीची, तिच्या मुठीत होती. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. हरली असती तर बहीणभाऊ दोघं रस्त्यावर आले असते.

दादा एकदाच बोलला होता, "तो स्वतःची पानं धड बघतही नाही गं. माझ्याकडेच बघत बसतो." डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या तिला तिथल्या तिथे उमगलं. मनासारखं पान आलं की माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. तोंड कितीही आवळून धरा, त्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. आणि जन्मभर भिंगातून चाकांचे दाते बघत आलेल्या घड्याळजीला एवढं दिसायला कितीसा उजेड लागणार? लोक मात्र म्हणायचे, नशीब काढलंय पठ्ठ्याने.

तपासणीआधी लोकांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालायचे आणि त्यांना बाकावर बसवायचं, हे तिचं रोजचं काम. आज वाचायला बसू नका, जवळचं काही दिसणार नाही, असं ती प्रत्येकाला बजावायची. आज जेवण झाल्यावर तिने तेच थेंब स्वतःच्या डोळ्यांत घातले होते.

घड्याळजीने तिला आणि स्वतःला तीन तीन पानं वाटली. तिने आपली उचलली आणि चष्मा काढला.

दिवा साबणाच्या पाण्यासारखा डोळ्यांत घुसला. हातातली पानं म्हणजे नुसते लाल-काळे डाग. तिने ती वाचल्यासारखी केली, मिटली आणि मान वर करून सरळ त्याच्याकडे बघितलं. बघ, मेल्या, ती मनात म्हणाली. डोळे भरून बघ.

त्याने बघितलं. आपल्या पानांवर त्याने ओझरती नजर टाकली होती आणि ओठांच्या कोपऱ्यात हसूही आलं होतं. ते हसू तिथेच विरलं.

तिने मूठ उघडली आणि तिसरी किल्ली टेबलावर ठेवली. "वाढवते. ही दुसरी खोली. तुमच्याकडून हे घड्याळांचं दुकान. नाहीतर पानं टाका आणि सायकलच्या दुकानाची किल्ली द्या."

"अगं बाई!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

घड्याळजी पुढे झुकला, इतका की त्याच्या श्वासातली तंबाखू तिला जाणवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पापणी लववावी असं फार वाटत होतं, पण तिने लववली नाही. तिला दादाची खाली घातलेली मान आठवत होती, आणि पोटातली भीती रागाने पार जळून गेली होती. घड्याळजी एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात बघत राहिला. कडा सोडल्या तर सगळं काळंच काळं. इतके मोठे डोळे त्याने या टेबलावर कधी पाहिले नव्हते.

"घे," तो शेवटी म्हणाला, आणि त्याने पानं फेकली.

बेकरीवाल्याने ती उलटी केली आणि तो उडालाच. "तीन राण्या! अहो, तीन राण्या टाकल्यात तुम्ही?"

तिने आधी किल्ल्या चाचपून पर्समध्ये टाकल्या. मग आपली पानं मास्तरांपुढे सरकवली. "मास्तर, जरा वाचून दाखवता? काय आलं होतं मला?"

"बदामची दुर्री," मास्तर म्हणाले. "चौकटची सत्ती. इस्पिकची नव्वी." त्यांनी ती पुन्हा बघितली. "म्हणजे काहीच नाही की!"

"मला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. "बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलंय डोळ्यांत. पानं सोडा, माझी बोटंसुद्धा धड दिसत नाहीयेत. पण यांना माझ्या पानांशी काय देणंघेणं? हे पत्त्यांवर खेळतात कुठे, मास्तर! चांगलं पान आलं की तुमच्या बाहुल्या मोठ्या होतात, त्याच हे वाचतात. इतकी वर्षं तुमचे, या बेकरीवाल्याचे, माझ्या दादाचे डोळे वाचून जिंकत आलेत."

ती उठली, भिंतीचा आधार घेत शटरपर्यंत गेली आणि वाकून बाहेर पडली.

आत घड्याळजीने पानं गोळा केली, पिसली आणि नेहमीसारखी वाटली. मास्तरांनी आपली उचलली. बेकरीवाल्यानेही उचलली. दोघंही टेबलाच्या लाकडाकडे बघत बसले.

"वर बघा," घड्याळजी म्हणाला.

कोणी वर बघेना.